सहा टर्म वापरलेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू: आमचे आबा

मिक्सर घेतला की आपण रिव्ह्यू टाकतो, मिसळ खाल्ली की टाकतो, पार्सल एक दिवस उशिरा आलं तरी एक स्टार देऊन मोकळे होतो. आणि जी सर्व्हिस पाच वर्षांसाठी घ्यावी लागते, मधेच परत करता येत नाही, बदलून मिळत नाही, तिचा रिव्ह्यू मात्र कोणी लिहीत नाही. लिहिलाच तर एकतर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर असतो नाहीतर समोरच्या पार्टीच्या सभेतलं भाषण. म्हणून म्हटलं आपणच बसून लिहू. आमदार, मंत्री ही पण सर्व्हिसच आहे की, आणि आमच्या घराने ती १९९० पासून २०१५ पर्यंत सलग वापरलीय.

सर्व्हिसचं नाव आर. आर. पाटील. तासगाव तालुक्यात हे नाव फक्त पेपरात आणि मतदानयंत्रावर, बाकी सगळीकडे आबा. मी पण आबाच म्हणणार, त्यामुळे हा रिव्ह्यू अगदी तराजूत तोलून लिहिलाय असं समजू नका. मी स्वतः बटण दाबलं ते फक्त २००९ आणि २०१४ ला, त्याआधीचे शिक्के आणि बटणं आज्जीची आणि अण्णांची. पण वापर सगळ्या घराचा आहे.

बाहेरच्या लोकांसाठी आधी थोडी माहिती. रावसाहेब रामराव पाटील, जन्म १६ ऑगस्ट १९५७, गाव अंजनी, तालुका तासगाव, जिल्हा सांगली. घरची परिस्थिती बेताची, सांगलीत शांतिनिकेतनला कमवा आणि शिका करून बीए, मग एलएलबी. १९७९ ला सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले, १९९० ला काँग्रेसकडून तासगावचे आमदार झाले आणि त्यानंतर ९५, ९९, २००४, २००९, २०१४, एकदाही पडले नाहीत. ९९ ला पवारसाहेबांनी राष्ट्रवादी काढली तेव्हा हात सोडून घड्याळ बांधलं आणि त्याच वर्षी विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ग्रामविकास मंत्री. २००३ च्या डिसेंबरात भुजबळांनी राजीनामा दिल्यावर गृहखातं, २००४ ला उपमुख्यमंत्री, २००८ ला राजीनामा, २००९ ला परत गृहखातं.

आता एवढं वाचून तुम्हाला वाटेल की असे मंत्री ढीगभर झालेत. पण सांगली जिल्हा काय आहे ते जरा समजून घ्या. हा वसंतदादांचा जिल्हा. इथं आमदार म्हटला की त्याच्यामागे साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, बँक, दोन-चार कॉलेजं असा सगळा संसार असतो. त्याच काळात जिल्ह्यातले दुसरे दोन वजनदार मंत्री म्हणजे पतंगराव कदम आणि जयंत पाटील, एकाच्या मागे भारती विद्यापीठ, दुसऱ्याच्या मागे राजारामबापूंचा वारसा आणि कारखाना. आणि आबांच्या मागे काय? तर जीभ. बोलणं. बस. सभेत उभं राहिलं की समोरच्या म्हातारीला वाटायचं हा माझ्याच ओट्यावर बसून बोलतोय. हे एवढं एकच भांडवल घेऊन माणूस उपमुख्यमंत्रीपदापर्यंत गेला, आणि पुढं जे काय वाकडं झालं ते पण त्याच भांडवलाने झालं, ते येईलच खाली.

तर पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात भारी प्रॉडक्ट, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. साल २०००-०१. ग्रामविकास खातं म्हणजे त्या वेळी काय फार मानाचं खातं धरत नव्हते, सरकारच्या तिजोरीत खडखडाट, आणि नवीन मंत्र्याने काहीतरी करून दाखवायचंय. मग यांनी काय केलं, अनुदान वाटायची योजना काढलीच नाही, स्पर्धा काढली. आधी तुम्ही तुमचं गाव झाडा, तुमच्या वर्गणीने गटारी करा, श्रमदान करा, मग कमिटी येणार, मार्क देणार, तालुक्यात, जिल्ह्यात, विभागात, राज्यात नंबर काढणार, आणि नंबर आला तर बक्षीस. म्हणजे हिशेब बघा, काम हजारो गावांनी करायचं आणि बक्षीस मूठभर गावांना द्यायचं. सरकारी योजनेत इतका कमी पैसा घालून इतकं काम निघालेलं मी तरी दुसरं बघितलं नाही. आणि वर नाव कुणाचं तर गाडगेबाबांचं, ज्यांनी दिवसा खराट्याने गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं, त्यामुळे विरोध करायची पण पंचाईत, गाडगेबाबांना नाही कोण म्हणणार.

मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या गावात (गावाचं नाव राहू दे, नाहीतर खाली भांडणं लागतील) महिनाभर नुसता जत्रेचा माहोल. रोज सकाळी प्रभातफेरी, शाळेची पोरं पुढं, मागं सरपंच, ग्रामसेवक, आणि जन्मात कधी खराटा हातात न धरलेली माणसं खराटे घेऊन. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, भिंतींवर घोषणा, ज्याच्या त्याच्या परड्यात शोषखड्डा. शोषखड्डा म्हणजे काय हे आम्हाला सायन्सच्या पुस्तकाने नाही शिकवलं, या अभियानाने शिकवलं, खाली मोठे दगड, वर बारीक, वर वाळू, मधे बुडाला भोक पाडलेलं मडकं.

आणि वगराळं. पुस्तकी भाषेत ओगराळं. कमिटी घरात येऊन बघणार होती की पाण्याच्या भांड्यावर झाकण आहे का आणि पाणी काढायला लांब दांड्याचं वगराळं आहे का, का तसाच तांब्या बुडवता. अण्णांनी तासगावच्या बाजारातून स्टीलचं आणलं. आज्जी काय वापरेना. "साठ वर्सं तांब्या बुडवून पितोय, कोन मेलं न्हाई," हे एकच. मग कमिटीचा दिवस उजाडला, दोन साहेब आणि एक मॅडम, हातात कागद, दारात आल्या आल्या मॅडमनी आज्जीलाच विचारलं, "मावशी, पाणी देता का जरा?" सगळं घर श्वास धरून उभं. आज्जीने झाकण काढलं, खुंटीवरचं वगराळं घेतलं, आणि एवढं सावकाश, दोन्ही हातांनी, देवावर अभिषेक घालतात तसं पाणी काढून दिलं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या गेल्यावर आज्जीने वगराळं परत खुंटीला आणि तांब्या हातात. पण गंमत अशी की पुढच्या वर्षी पाहुण्यातल्या कुणीतरी हंड्यात तांब्या बुडवला तर हीच आज्जी त्याच्यावर खेकसली, "काय रीतभात हाय का न्हाई?" तेव्हा मला कळलं की प्रॉडक्ट लागू पडायला जरा वेळ लागतो पण पडतं.

संडासाचं मात्र लवकर लागू पडलं नाही. आमच्या घरी बांधला, दार रंगवून घेतलं, आणि पहिली दोन वर्षं त्यात शेणी (गोवऱ्या) रचून ठेवलेल्या. कोरडी जागा, वर पत्रा, शेणी ठेवायला याहून चांगलं काय असणार. कमिटीच्या आदल्या रात्री सगळ्या शेणी काढून माळ्यावर. पहाटे गुड मॉर्निंग पथक फिरायचं, हेडमास्तर आणि ग्रामसेवक बॅटऱ्या घेऊन, टमरेल हातात सापडला की गुलाबाचं फूल. आमच्या एका चुलत आज्ज्याला तीन फुलं मिळाली, तो ती देवाला वाहायचा. हसू येतं आता, पण बायकांना अंधार पडायची वाट बघत दिवस काढायला लागायचा तो प्रकार आमच्या पिढीच्या डोळ्यादेखत संपत गेला, आणि त्याची सुरुवात इथून झाली. पुढं केंद्राने २००३ ला निर्मल ग्राम पुरस्कार काढला तो पण याच वाटेने.

तोटे काय? आफ्टर सेल्स नाही. कमिटी गेली की महिन्याभरात गटारी तुंबल्या, चुना धुऊन गेला, पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. खराटा धरायला लावणारा माणूस ग्रामविकास खात्यातून गृहखात्यात गेला तसं अभियान चालू राहिलं कागदावर पण तो दम राहिला नाही, असं माझं मत. आणि आमच्या गावाचा नंबर तालुक्यात पण आला नाही, शेजारच्या गावाचा आला, ते अजून डाचतं. तरी साडेचार स्टार. अर्धा कापला तो शेणींसाठी, आणि त्यात चूक आमचीच.

पोलीस भरतीबद्दल थोडक्यात. गृहखातं आल्यावर आबांचं नाव गावोगाव झालं ते पैसे न चारता होणाऱ्या भरतीमुळे. आमचा मामेभाऊ तेव्हा सांगलीला ग्राउंड मारत होता. एका मध्यस्थाने रेट सांगितलेला, मामाने म्हैस विकायची आणि वर शेत गहाण टाकायचं ठरवलेलं, म्हशीला गिऱ्हाईक पण बघून गेलं. अण्णा म्हणाले थांब जरा, लेखी लागू दे, ग्राउंड लागू दे. पोरगा मेरिटमधे आला, एक रुपया न देता. ती म्हैस पुढं मामाच्या दावणीला चार वेत व्यायली. सगळीकडे, सगळ्यांच्या बाबतीत असंच झालं असा माझा दावा नाही, पण आमच्या पट्ट्यात अशी घरं कितीतरी निघतील जिथं पोरगं खाकीत गेलं आणि सातबारा कोरा राहिला, आणि त्या घरांत आजही आबांचा फोटो असतो. या फीचरला पाच.

आता तंटामुक्ती. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, १५ ऑगस्ट २००७. डोकं तेच, गाडगेबाबा अभियानाचंच, पण कचऱ्याच्या जागी भांडणं. गावाने ग्रामसभेत समिती करायची, अध्यक्ष निवडायचा, गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंटे रजिस्टरला लिहायचे, समोरासमोर बसवून मिटवायचे, मग मूल्यमापन आणि लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. गृहमंत्री असून हे सुचावं याचं मला कौतुक वाटतं, म्हणजे पोलीस वाढवा, चौक्या वाढवा हे कुणालाही सुचतं, पण केस स्टेशनपर्यंत यायलाच नको असा विचार वकिली शिकलेल्या माणसाने करावा.

आमच्या घरचाच तंटा सांगतो. अण्णा आणि धाकटे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, यांच्यात बांधावरून केस. बांध किती तर दीड फूट, आणि त्यावर एक लिंब, म्हणजे कडुलिंब. नऊ वर्षं तासगावच्या कोर्टात तारखा. तारखेला दोघं एकाच एसटीने जायचे, एक पुढच्या दारापाशी, एक मागच्या सीटवर, परत येताना पण तसंच, आणि वकिलांनी आतापर्यंत जेवढे घेतले तेवढ्यात दीड फूट नाही तर अर्धा एकर आला असता. समितीने दोघांना मारुतीच्या देवळात बसवलं. दोन बैठका शिव्यांमधेच गेल्या. तिसऱ्या बैठकीला अध्यक्षांनी आज्जीलाच आणून बसवलं, ती काही बोललीच नाही, नुसती बसली. शेवटी ठरलं की मोजणीचा जुना दगड आहे तिथंच राहील, लिंब दोघांचा, सावली दोघांच्या बैलांना. कागद झाला, सह्या झाल्या, अण्णांनी सही करताना पेन एवढा दाबला की खालच्या कागदावर उमटला. केस काढून घेतली. रजिस्टरला नोंद, दिवाणी, एक, मिटला.

म्हणून सांगतो, चालतं हे प्रॉडक्ट. पण दोन गोष्टी खटकल्या त्या लिहिल्याच पाहिजेत. एक म्हणजे आकडा दाखवायच्या नादात कित्येक गावांनी नसलेले तंटे लिहून मिटवले, शेळीने कोथिंबीर खाल्ली, इतर, एक, मिटला. दुसरं जास्त गंभीर. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली की समितीत सगळे पुरुष बाप्ये, आणि निकाल ठरलेला, नांदायला जा बाई, घरातली गोष्ट घरात. तो तंटा मिटला म्हणून नोंद होते पण मिटतो का? बांधाचा वाद आणि बाईच्या अंगावरचे वळ एकाच रजिस्टरात नको होते. साडेतीन.

डान्सबारबंदी. इथं माझं आणि आमच्या घरातल्या बायकांचं जमत नाही. २००५ ला मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बंदी आणली, १५ ऑगस्टपासून लागू (आबांना १५ ऑगस्टचं भारी वेड असावं). आमच्या आत्यांना, मावश्यांना विचाराल तर आजपण सांगतील की आबांनी घरं वाचवली, द्राक्षाचे पैसे आले की पनवेलकडे गाड्या पळायच्या त्या बंद झाल्या. भावना समजते. पण कायदा म्हणून माल कच्चा होता. कारण थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट ठेवली होती. म्हणजे नाच तोच, बाई तीच, पण महागड्या हॉटेलात नाचली तर संस्कृती आणि साध्या बारमधे नाचली तर अश्लील? हायकोर्टाने २००६ ला हेच धरून बंदी उडवली, सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ ला हायकोर्टाचंच बरोबर म्हणून सांगितलं, त्यानंतर पण सरकारं बदलली तरी कायद्याची ओढाताण चालूच राहिली. आणि ज्या बायकांचं पोट त्यावर होतं त्यांचं पुढं काय, याचं उत्तर त्या सगळ्या भाषणांत कुठं नव्हतं. टाळ्या भरपूर, इंजिनिअरिंग कमी. दोन.

सावकारांचं पण थोडं तसंच. "कोपरापासून ढोपरापर्यंत सोलून काढू" हे आबांचं वाक्य आमच्याकडे लहान पोरांना पण पाठ होतं, क्रिकेटमधे पण वापरायचो. वाक्याने सावकार घाबरले हे खरं, काहींनी कागद परत केले हे पण खरं. पण नवा सावकारी कायदा अमलात यायला २०१४ उजाडलं.

आता ते. लिहायचं टाळत होतो.

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर हल्ला, १६६ माणसं गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे गेले, आमच्या शेजारच्या साताऱ्यातल्या केडंब्याचे, हातात फक्त काठी, आणि त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला. आणि राज्याचे गृहमंत्री पत्रकारांसमोर हिंदीत बोलून गेले की मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होत राहतात, अशा अर्थाचं. सगळ्या देशाने ऐकलं. १ डिसेंबरला राजीनामा. मागोमाग विलासराव पण गेले.

तासगावात तेव्हा एकच चर्चा, आबांना हिंदी येत नाही हो, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, चॅनलवाल्यांनी लावून धरलं. मी पण तेच म्हणायचो, पुण्यात होस्टेलवर यावरून भांडलोय मी, एका विदर्भातल्या रूममेटशी तर आठवडाभर बोलणं बंद होतं. आज नाही म्हणत. हिंदी कच्ची असेल तर मराठीत बोलायचं, मुंबईत मराठीत बोललेलं कळतं सगळ्यांना. आणि मुळात बोलायचीच वेळ नव्हती ती. ज्या माणसाला गावच्या पारावर कुठला शब्द कुठं टाकायचा हे झोपेत कळायचं, त्याला त्या दिवशी कळलं नाही. पारावरची भाषा मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून बोलली की तिचा अर्थ बदलतो, एवढंच मी त्यातून घेतलं. राजीनामा पाच दिवसांत दिला, खुर्चीला चिकटून बसले नाहीत, त्याचा एक स्टार. बाकीचे नाहीत.

परतीचा भाग मात्र लोकांना कमी माहितीय. २००९ च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत लाहेरीला नक्षलवाद्यांनी १७ पोलीस मारले. पुढच्या महिन्यात आबा परत गृहमंत्री झाले आणि पालकमंत्री म्हणून जिल्हा घेतला कुठला, तर गडचिरोली. आमच्या सांगलीपासून राज्याचं पार दुसरं टोक. तिकडचं पालकमंत्रीपद म्हणजे शिक्षा समजायचे लोक, झेंडावंदनाला जायचं आणि संध्याकाळी नागपूर गाठायचं. आबांनी ते स्वतः मागून घेतलं आणि जात राहिले. २००८ नंतर काहीतरी फेडायचं होतं का काय, मला माहीत नाही, ज्याचं त्याला. पण मतदारसंघातून एक मत वाढणार नाही अशा ठिकाणी मंत्र्याने जाणं, याला आमच्यासारख्या ग्राहकाने काय मार्क द्यायचे, आम्हाला तर त्याचा उपयोग शून्य. तिकडच्या लोकांनी द्यावेत.

आमच्या उपयोगाचं म्हणजे पाणी. २००९ ला मतदारसंघांच्या फेररचनेत तासगावला कवठेमहांकाळ जोडलं, म्हणजे दुष्काळाला दुष्काळ जोडला. इकडं द्राक्ष, बेदाणा, तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात याच तालुक्यातली, नावातच तासगाव, पण बागा जगवायच्या टँकरवर. म्हैसाळ योजना म्हणजे कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून वर आणायचं, पाणी उचलायचं म्हटलं की पंप आले, वीज आली, बिल आलं, बिल थकलं की पंप बंद, मग मोर्चा, मग टंचाईच्या पैशातून बिल, मग आवर्तन. इतकी वर्षं सत्तेत, त्यातली निम्म्याहून जास्त उपमुख्यमंत्री नाहीतर गृहमंत्री, आणि तरी हे रहाटगाडगं तसंच फिरत राहिलं. आबांच्या जागी कारखानदार असता तर पाणी आधी आलं असतं असं अण्णा म्हणतात, कारण त्याला उसासाठी लागलं असतं. कडू आहे पण चूक आहे असं म्हणवत नाही. अडीच.

२०१४ ची निवडणूक शेवटची. त्या प्रचारात बलात्काराच्या आरोपातल्या एका विरोधी उमेदवाराची टिंगल करायला गेले आणि बलात्काराबद्दलच असं काही बोलले की माफी मागायला लागली. परत जीभ. स्वतःच्या मुली असलेला माणूस, स्त्रियांच्या नावाने डान्सबार बंद करणारा माणूस, आणि सभेत हशा मिळावा म्हणून हे. मी त्या निवडणुकीत त्यांनाच मत दिलं, पण सभेला गेलो नाही. आज्जी तेव्हा अंथरुणावर होती, तिला कुणी सांगितलंच नाही.

निवडून आले, आणि चार महिन्यांत गेले. १६ फेब्रुवारी २०१५, मुंबईला, तोंडाचा कॅन्सर, वय ५७. तंबाखूची सवय होती हे त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी नंतर जाहीर सांगितलंय. अंजनीला शेवटच्या दर्शनाला जी गर्दी होती त्यात मी होतो, दोन किलोमीटर लांब गाडी लावून चालत गेलो. लोक बोलत नव्हते फारसं. माझ्यापुढं एक म्हातारा चालत होता, त्याने खिशातली चंची काढली, बघितली, परत ठेवली, थोडं पुढं जाऊन परत काढली आणि रस्त्याकडेच्या बाभळीत टाकली. त्याने नंतर परत घेतली असेल का नसेल, काय सांगावं, सवय वाईट. पण ते टाकलेलं मी बघितलंय.

पुढच्या मॉडेलबद्दल एवढ्यात लिहीत नाही. २०१५ च्या पोटनिवडणुकीत सुमनताई, २०१९ ला परत सुमनताई, २०२४ ला रोहित, पंचविसाव्या वर्षी आमदार. वापर चालू आहे, एक टर्म तरी पूर्ण होऊ दे, मग बघू.

एकूण किती स्टार ते विचारू नका, मला बेरीज जमली नाही. भरतीचे पाच आणि २६/११ चा एक याची सरासरी तीन येते, पण तीन स्टारचा माणूस नव्हता तो, एकतर पाचचा नाहीतर एकचा. ज्या कामात लोकांनी स्वतः उठून करायचं होतं, खराटा धरायचा, देवळात समोरासमोर बसायचं, तिथं यांच्यासारखा उठवणारा मी दुसरा बघितला नाही. जिथं मशीन चालवायचं होतं, कायदा टिकेल असा लिहायचा, यंत्रणा वेळेत हलवायची, पंप चालू ठेवायचे, तिथं बोलणं पुरलं नाही.

बाकी आमच्या गावच्या वेशीवर "संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आपले स्वागत" अशी पाटी अजून आहे, अर्धी अक्षरं गेलीत, उरलेल्या अर्ध्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. आज्जी गेली २०१६ ला, वगराळं आहे खुंटीला, दांडा जरा वाकलाय. लिंब पण आहे बांधावर. आणि यंदा ग्रामसभेत तंटामुक्तीचा नवा अध्यक्ष निवडायचाय, त्यासाठी दोन पार्ट्या झाल्यात, गेल्या आठवड्यात पारावर कॉलर धरण्यापर्यंत गेलं होतं. एका पार्टीकडून नानांनी नाव दिलंय. दुसऱ्या पार्टीकडून अण्णांनी.